आईचा रकाना

परवा सकाळी समोरच्या बिल्डिंगमधली बाई बुटांचा खोका घेऊन माझ्या दारात उभी. खोक्यात कापूस, कापसावर खारीचं पिल्लू, डोळे मिटलेले. "मावशी, तुम्ही पूर्वी जनावरांच्या दवाखान्यात होता ना? अनाथ आहे हो बिचारं. आंब्याखाली पडलं होतं." चष्मा शोधायच्या आधीच मी विचारलं, "याची आई मेलेली पाहिली का तुम्ही?" ती गडबडली. म्हणाली, "नाही, पण एकटंच होतं." मग मी जरा जास्तच कडक आवाजात सांगितलं, की खोका जसाच्या तसा आंब्याच्या बुंध्याशी नेऊन ठेवा, वर झाकण नको, आणि घरात जाऊन बसा. राग आला असणार तिला. मायेनं पिल्लू घेऊन आलेल्या बाईला कोणी असं दारातून परत पाठवतं का? पण काय करू, मला ते 'एकटंच होतं' ऐकवत नाही.

हे दिवसच तसे आहेत. अर्धा एप्रिल सरला की जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो, विडीची पानं तोडायला गावंच्या गावं पहाटे बाहेर पडतात. नागपुरात, प्रताप नगरच्या तिसऱ्या मजल्यावर त्याचं काही कळायचं कारण नाही. इथे उन्हाळा म्हणजे शेजारच्या कूलरचा आवाज आणि नळाला येणारं कढत पाणी. तरी मला कुठूनतरी त्या वाळलेल्या पानांचा वास येतो. खरंच येतो की मीच आणते, सांगता येणार नाही. मुलीला फोनवर म्हटलं तर ती हसते, "आई, तुला काहीही वास येतात." पुण्याला असते ती, तिचेही केस आता पांढरे व्हायला लागले. चौदा महिन्यांची असताना तिनं माझ्या अंगाच्या वासानं तोंड फिरवलं होतं, हे तिला ठाऊक नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचा उन्हाळा तो. मी पंचविशीची, जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, रजिस्टर लिहायचं. समोरच्या इमारतीत गाई, म्हशी, टांग्याचे घोडे. मागे पत्र्याची एक शेड होती, तिथे जंगलातली पिल्लं. त्या वर्षी शेडमध्ये दोन रानमांजरं होती, एक ससा होता, आणि एक वानराचं पिल्लू होतं, ज्याची आई विजेच्या तारेला चिकटून गेली. ते दिवसभर टॉवेलाच्या गुंडाळीला मिठी मारून बसायचं. टॉवेल धुवायला काढला की असं ओरडायचं की बाहेरचे घोडे कान टवकारायचे. दुपारी पत्रा तापला की आम्ही खसच्या ताट्यांवर पाणी मारायचो. ओल्या खसचा, फिनाईलचा आणि बकरीच्या दुधाचा मिळून एक वास व्हायचा. तो केसांत बसायचा, साडीत बसायचा, लाईफबॉयनं घासूनही जायचा नाही.

शेडची खरी मालकीण शेवंताबाई. कागदावर ती झाडूवाली, पण पाच पोरं वाढवलेली बाई, तिला पिल्लू दिसलं की राहवत नसे. आलेल्या प्रत्येक जिवाला ती आधी तेल लावायची, मग शेगडीत ओवा टाकून धुरी द्यायची आणि शेवटी कानामागे काजळाची तीट. रानमांजरालासुद्धा. मी चिडायचे. आमच्या घरी असलं सगळं कधीच बंद झालं होतं. "काहून चिडतं वं," ती म्हणायची, "नजर काय जात पाहून लागते?" मी रजिस्टर उघडून बसायची.

त्या रजिस्टरबद्दल सांगायला हवं. रकाने होते. जनावर, वय, कुठून आणलं, कोणी आणलं, आणि शेवटचा रकाना आई. दवाखान्याचा नियम असा, की आई मेलेली असेल तरच पिल्लाला दूध मंजूर. आई जिवंत असेल तर पिल्लू आल्या वाटेनं परत पाठवा, इथे ठेवून घेऊ नका. नियम चांगलाच होता. पण पिल्लू उपाशी, आणणारा घाईत, डॉक्टरांची सही दहा वाजेपर्यंत हवी. मग आम्ही काय करायचो, तर त्या रकान्यात 'मृत' लिहून टाकायचो. माझ्या आधीचा ड्रेसर तेच लिहायचा, मीही तेच लिहू लागले. कोणाला विचारलं नाही, कोणी मला विचारलं नाही. दूध यायचं, पिल्लू प्यायचं, सगळ्यांना बरं वाटायचं. मीच त्यातली सगळ्यात समाधानी होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

आणि माझं स्वतःचं पिल्लू खाप्याला, माझ्या आईकडे. प्रज्ञा सहा महिन्यांची असताना नोकरीचं पत्र आलं. नवरा कन्हानकडे कोळशाच्या खाणीवर, पाळी बदलली की एक दिवस यायचा. नागपूरच्या एका खोलीत पोर कोणाजवळ ठेवायची? मी नोकरी नको म्हणत होते. आई खाप्याहून आली, पत्र हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "दीक्षा घेतली तवा तू माह्या कडेवर होती. तवाच ठरवलं होतं मी, माही पोरगी शिकन अन् नोकरी करन. पोरगी मी सांभाळीन. तू जाय." आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन ती गेलीसुद्धा. आठ महिने. मी महिन्यातून एकदा जायची, कधी तेही व्हायचं नाही. दर वेळी प्रज्ञा आधीपेक्षा थोडी जास्त लांबून माझ्याकडे बघायची. ती मला विसरेल या भीतीनं मला दुसरं काही सुचत नसे, आणि त्याच वेळी मी रानमांजराला बाटली पाजत असायची.

मग एका गुरुवारी पानांचा ट्रक दवाखान्याच्या फाटकाशी थांबला आणि पोत्यांवरून एक बाई उतरली. खाप्याच्या पलीकडच्या जंगलातली, पानं तोडणारी. नाव सुकवारा. तिच्या पदरात चितळाचं पाडस. आठवड्याचंही नसेल, अंगावर ताजे ठिपके, पाय काड्यांसारखे. ती म्हणाली की पानं तोडता तोडता झुडपाखाली दिसलं, हललं नाही, ओरडलं नाही, हात लावला तरी तसंच पडून. तिकडे नवी पालवी फुटावी म्हणून पाचोळ्याला आग लावतात. "जळून जाईन म्हून उचललं बाप्पा," ती म्हणाली. मी पाडस घेतलं, शेवंताबाईनं तेलाची वाटी आणली. मी रजिस्टर उघडलं. जनावर चितळ, वय अंदाजे पाच दिवस, आणणारी सुकवाराबाई. आई, मृत.

दोन दिवस पाडस माझ्या मांडीवर होतं म्हटलं तरी चालेल. ओल्या कापडानं पोट पुसल्याशिवाय त्याला शीही होत नसे. आई चाटते तसं पुसावं लागायचं. मी पुसायची आणि मला प्रज्ञाची दुपटी आठवायची, जी मी धुतलीच नव्हती. ती सगळी आईनं धुतली.

शनिवारी सकाळी सुकवारा पुन्हा आली, त्याच ट्रकनं. आली ती थेट शेडमध्ये, पाडसाकडे पाहिलंच नाही. मला म्हणाली, "बाई, लय चूक झाली. त्याची माय उभी रायते तिथं. काल पाहिली, आज पहाटी पाहिली. पानं तोडाले गेलो का पयते, पुन्हा येऊन उभी. त्याच झुडपापाशी." मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते. शेवंताबाई म्हणाली, "पण ती तं मेली ना वं?" आणि माझ्याकडे बघितलं. सुकवारा म्हणाली, "कोनं सांगतलं? मी तं नाही सांगतलं." नव्हतंच सांगितलं तिनं. तिला मारलं होतं ते मी, टाकानं, निळ्या शाईत.

मी डॉक्टरांकडे गेले. माणूस भला होता, उगाच कोणावर ओरडत नसे. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "बाई, आता उशीर झाला. माणसाचा वास लागला की आई जवळ करत नाही. तिकडे सोडाल तर कोल्हा नेईल. राहू द्या." ते बरोबर असतील असं मला वाटलं, आणि ते चूक ठरावेत असंही. तुम्हाला सांगते, मी त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा माझ्या मनात पाडस कमी आणि प्रज्ञा जास्त होती. वास लागला की आई जवळ करत नाही म्हणे. आणि आईला दुसरा वास लागला, तर पिल्लू जवळ येतं का? हे कोणाला विचारायचं?

दुपारी मी रविवारची सुट्टी धरून निघाले. शेवंताबाई, "तुले काय जमते एकटीले" म्हणत सोबत आली. पाडस टोपलीत, वर ओलं पोतं. खाप्याच्या गाडीत ऊन नुसतं आत घुसत होतं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाये वं टोपलीत?" शेवंताबाई म्हणाली, "नातू." तो म्हणाला, "मंग निजू दे त्याले," आणि पुढे गेला. आम्ही दोघी सावनेरपर्यंत हसत होतो. आज वाटतं, त्या दिवशी हसू आलंच कसं? पण आलं होतं.

माझ्या आईचं घर नदीकडच्या वस्तीत, दोन खोल्या, पुढे निंबाचं झाड. आई दारातच होती आणि तिच्या कडेवर प्रज्ञा. मी टोपली खाली ठेवली, हात पुढे केले. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं, नाक मुरडलं, आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं. मी आणखी जवळ गेले तर रडायला लागली. आई म्हणाली, "वास येते तुले दवाखान्याचा. हातपाय धुय." मी हातपाय धुतले, तोंड धुतलं, केस धुतले. पुन्हा गेले. पुन्हा तेच. पोर आईला 'माय' म्हणत होती, स्पष्ट, दोन्ही अक्षरं. मी अंगणात टोपलीजवळ बसून पाडसाला दूध पाजलं, कारण ते तरी घेत होतं.

संध्याकाळी सुकवारा आली. तिचा बेत ठरलेला होता. पाडस सापडलं तिथली माती ती पदरात बांधून घेऊन आली होती, मोहाची वाळकी फुलं आणि चितळाच्या लेंड्या. "हे चोळायचं," ती म्हणाली, "मंग तुमचा वास जाते अन् तिकडचा लागते." शेवंताबाईला आधी पटलं नाही. स्वतःच्या हातानं लावलेलं तेल त्या मातीच्या उटण्यानं काढायचं, कानामागची तीट पुसायची, तिच्या जिवावर आलं. पण तिनंच पाडसाला धरलं, आणि तिघी मिळून आम्ही ते मातकट करून सोडलं. माझी आई प्रज्ञाला घेऊन उंबऱ्यात बसून सगळं पाहत होती. आई बोलत नसली की ती विचार करत असते, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पहाटे जंगलात गेलो. झुडूप सुकवाराला बरोबर ठाऊक होतं. पाडस ठेवलं, ते लगेच मान जमिनीला लावून चिकटून बसलं, आणि पाच पावलांवरून मला दिसेनासं झालं. आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एका बीज्याच्या झाडामागे बसलो. किती वेळ गेला माहीत नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, शेवंताबाई तोंडात पदर कोंबून खोकला दाबत होती. मग ती आली, चितळाची मादी. दोन पावलं टाकायची, थांबायची, पुढचा पाय आपटायची. झुडपाजवळ आली. पाडस उठलं. तिनं नाक खाली नेलं, पाडसाच्या कानामागे, तीट होती नेमकी तिथे, हुंगलं, आणि एकदम मान वर केली. मनातल्या मनात मी तिला म्हणत होते, घे बाई, घे. तेवढ्यात शेवंताबाईला खोकला आवरला नाही. मादी उडी मारून घाणेरीच्या जाळीत शिरली आणि पाडस तिच्या मागे, धडपडत. पानं हलली. मग हलायची थांबली.

"नेलं," सुकवारा म्हणाली. "पयाली ती भिऊन," शेवंताबाई म्हणाली, "पिलू आपलं मांगं गेलं. घेतलं कुठं तिनं?" दोघींनी एकच गोष्ट एकाच जागेवरून पाहिली होती. मीही पाहिली होती. तासभर आम्ही तिथे शोधलं, पाडस कुठे पडलेलं दिसलं नाही, ओरडणं ऐकू आलं नाही. सुकवारानं हेच आपल्या बाजूनं धरलं, शेवंताबाईनं गप्प बसून आपल्या बाजूनं. परतीच्या वाटेवर दोघी पुढे-मागे चालत होत्या, मी मध्ये.

घरी आले तर आईनं माझ्यासाठी पाणी तापवून ठेवलेलं. म्हणाली, "आंघोळ करून घे अन् हे घाल." तिच्या हातात तिचं लुगडं, धुतलेलं नाही, आदल्या दिवशी अंगावर होतं तेच, चुलीच्या धुराचं, तिच्या घामाचं, पोरीच्या दुधाच्या डागांचं. मी म्हटलं, "काहून?" तर म्हणाली, "घाल म्हणलं ना. मंग येते पोरगी तुह्याजवळ." तेव्हा मला उमगलं की काल उंबऱ्यात बसून ती काय पाहत होती.

मी लुगडं नेसले. प्रज्ञा आईच्या मांडीवर होती. मी खाली बसले. ती माझ्याकडे बघत राहिली, मग रांगत आली, पदर मुठीत धरला, तोंडाशी नेला, आणि माझ्या मांडीवर चढून बसली. आठ महिन्यांनी. मी रडले, चांगली भोकाड पसरून रडले, आणि रडता रडताही मला कळत नव्हतं की ती माझ्याकडे आली आहे की लुगड्याकडे. आई म्हणाली, "घेऊन जाय आता तिले." मी म्हटलं, ठेवू कुठे? शेवंताबाई म्हणाली, "शेडीत ठेव. एवढी वानरं वाढवली मी." आईनं पोरीचं बोचकं आधीच बांधून ठेवलं होतं. दुपारच्या गाडीला ती स्टँडपर्यंत आली. प्रज्ञा माझ्या पदरात झोपलेली. गाडी हलली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "लुगडं धुजो नको आठ दिवस."

मी धुतलं नाही. पोर त्यावर झोपायची, तरी जागी झाली की 'माय, माय' करत दाराकडे बघायची. मी तिला आईकडे आणलं होतं की आईपासून उचललं होतं? जो प्रश्न सुकवाराला पडला तोच मला पडला, फरक इतकाच, की ती बिचारी चूक सांगायला ट्रकनं परत आली होती, मी गेले नाही. नवव्या दिवशी प्रज्ञानं वानराच्या पिल्लाचा टॉवेल ओढला, दोघांची झोंबाझोंबी झाली आणि ती पहिल्यांदा खळखळून हसली. शेवंताबाईनं तिला धुरी दिली, कानामागे तीट लावली. या वेळी मी चिडले नाही.

सोमवारी मी रजिस्टरात 'मृत' खोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "मग काय लिहिता?" मी म्हटलं, "माहीत नाही, सर." त्यांनी खोडलेल्या जागेशेजारी सही केली आणि रकाना रिकामा सोडला. पुढे मी नोकरी केली तेवढी वर्षं आणणाऱ्या प्रत्येकाला आधी आईचं विचारलं. खूप वर्षांनी एक तरुण डॉक्टर आला, तो म्हणाला की माणसाच्या वासाचं काही नसतं, हरणी पिल्लाला घेतात परत. मग ती माती, त्या लेंड्या, ते लुगडं? त्याला म्हटलं नाही, पण पोरगी लुगड्याशिवायही आली असती, असं जर असेल, तर माझ्या आईनं लुगडं देऊन तिला त्याच दुपारी का सोडलं?

काल समोरची बाई पुन्हा आली. राग गेलेला दिसला. "मावशी, खोका रिकामा आहे. आईनंच नेलं असेल ना?" तिच्याकडे पाहून मला 'हो' म्हणावंसं वाटलं. पण मांजरंही फिरतात तिकडे. मी तिला चहा दिला.

आई जाऊन वीस वर्षं झाली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला खाप्याला गेले होते, तेव्हा शेजारची गयाबाई मला बाजूला घेऊन बसली. तीही थकलेली. बोलता बोलता म्हणाली, "तू पोरीले घेऊन गेली ना वं सुमन, मंग तुही माय आठ-दहा दिवस दुपारच्या गाडीच्या टायमाले स्टँडवर जाऊन उभी राहे. कोनी विचारलं तं म्हणे, काही नाही, अशीच उभी हाये. गाडी गेली का घरी ये."

आई माझ्याशी याबद्दल कधी बोलली नाही. मी प्रज्ञाला अजून सांगितलेलं नाही.